जिथे चुंबक चिकटायला नको होता

बॉनेट

चुंबक चिकटला.

टक् असा आवाज झाला आणि शेडच्या दारात उभे असलेले गेलेल्या मालकाचे चिरंजीव खुलले. म्हणाले, बघा, अस्सल पत्रा आहे, वडिलांनी कुठे पुट्टी लागू दिली नाही.

जुनी गाडी घेण्याआधी तिच्यावर चुंबक फिरवतात. गंजून पडलेलं भोक पुट्टीनं बुजवून वर रंग मारला असेल, तर तिथे चुंबक धरत नाही, घसरतो. धरला, तर खाली लोखंड आहे, निदान फसवणूक नाही. एवढं हल्ली कुणालाही ठाऊक असतं. चिरंजिवांनाही होतं.

जिच्या हातात चुंबक होता ती मात्र खुलली नाही. जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देणं हा तिचा धंदा. धंद्यातले लोक तिला चुंबकबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. फडक्यात गुंडाळलेला चुंबक तिनं डाव्या दाराला लावला. टक्. उजव्या दाराला. टक्. डिकीच्या झाकणावर टक्, मग जरासा घसरला, मग पुन्हा टक्.

दर टक्‌ला तिचं तोंड अधिकच कडू होत गेलं.

गाडी दोन माणसांची, बिनछपराची, एकेकाळी लाल. आता विटांवर चढवलेली, आणि तळाच्या पत्र्यातून स्क्रूड्रायव्हर बिनतक्रार आरपार जात होता. त्याचं तिला काही नव्हतं. गंज खालून खातो, जिथे ओल धरते तिथून. ही गाडी तिथेच कुजली होती, म्हणजे प्रामाणिकपणे म्हातारी झाली होती.

बॉनेट उचलायला दोघे लागले: चिरंजीव आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणजे गाडी घ्यायला आलेले दातांचे डॉक्टर. चुंबकबाईला कामावर लावलं होतं ते त्यांनीच. ती इंजिनाशेजारी वाकली, सांगाड्यावरचं जुनं ग्रीस फडक्यानं पुसलं, खाली ठोकलेली खूण वाचली आणि सरळ झाली.

"बॉनेट, दोन्ही दारं, डिकीचं झाकण," ती म्हणाली. "चोरीला गेलंय."

डॉक्टर म्हणाले, समोर तर दिसतंय सगळं.

"हे दिसतंय. गाडीचं गेलंय."

थोडं मागे: दाढ

डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावलं होतं आणि रोग्याच्या खुर्चीत बसवलं होतं, कारण दुसरी खुर्ची नव्हती. सबंध बोलणं त्यांनी तिच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघत केलं, मधूनमधून बारीक शीळ घालत. गाडी गंजकी आहे, घरात भानगड आहे, विकणारे उतावीळ आहेत. आपण ती अजून पाहिलेलीही नाही. तिनं जावं, दोष काढावेत, किंमत लिहून द्यावी. दोष भरपूर काढावेत.

ती म्हणाली, असतील तेवढे काढीन.

मग मध्येच त्यांनी तिची खालची डावी दाढ कुणी भरली ते विचारलं, आणि ज्यानं भरली त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. "सडलेल्यावर भरून चालत नाही, बाई. आधी सड कोरून काढायची, पार चांगलं लागेपर्यंत. आतून थोडं रुंद करायचं, म्हणजे भरलेलं निघत नाही. माझ्याच्यानं दुसऱ्या पद्धतीनं होतच नाही."

दाढ तिला ठणकत नव्हती. त्या दिवसापासून ठणकायला लागली.

भिंतीवर एक फोटो होता. त्यात डॉक्टर, केस असतानाचे, त्यांची बायको, आणि एक दोन माणसांची उघडी गाडी, फिकट हिरवी. डिकीच्या झाकणावर सामान बांधायची जाळी, जाळीवर टोपली. ही कुठे असते आता, तिनं विचारलं. तुटली, म्हणाले डॉक्टर. गाडी की बायको, ते त्यांनी सांगितलं नाही.

बिजागरी

पुन्हा शेडमध्ये. तिनं दोघांना समजावून सांगितलं, आणि समजावून सांगताना ती नेहमी चिडलेलीच असे, तशी आताही होती.

या घाटाच्या गाड्या कारखान्यानं ढिगानं काढल्या. सगळ्या लोखंडी. पण शर्यतीत पळवायला म्हणून थोड्या वेगळ्या केल्या. सांगाडा तोच, तोंडवळा तोच, पण वजन कमी करायला बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं. अशा गाडीच्या सांगाड्यावर वेगळी खूण ठोकलेली असते. ती खूण इथे आहे. अॅल्युमिनियमला गंज चढत नाही आणि चुंबकही धरत नाही. म्हणजे या चार जागांवरून चुंबक पडायला हवा होता.

"आणि हे आधीपासून असंच नव्हतं कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं दार उघडलं आणि बिजागरीच्या मागे बोट फिरवून दाखवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. लोखंडाला अॅल्युमिनियम टेकून बसलं की त्यातून अशी भुकटी सुटते. गाडीच्या बाजूला भुकटी आहे, दाराच्या बाजूला नाही. अॅल्युमिनियमचं दार इथे वर्षानुवर्षं लटकत होतं आणि आता आतापर्यंत होतं, नाहीतर भुकटी झडून गेली असती.

"शिवाय हे बघा." दारावरचे गंजाचे ओघळ तिनं दाखवले. ओघळ वरून खाली यायला हवेत. हे आडवे होते, पुढून मागे. हे दार कुठेतरी पावसात, एका टोकावर उभं करून ठेवलेलं होतं.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, छान, म्हणजे गाडी अस्सल नाही, तेवढं लिहा, किंमत पाडा आणि चला.

चिरंजीव मात्र पांढरे पडले होते. पण लगेच सावरले. म्हणाले, कुणी केलं असेल ते शोधायला लांब जायला नको.

आणि त्यांनी घराच्या मागच्या खोलीकडे मान वळवली.

मागची खोली

मागच्या खोलीत मावशी राहत होती. चिरंजिवांची आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं, ती ही. आई म्हणायचं नव्हतं म्हणून मावशी. वडील गेले तेव्हा त्यांनी मागे ठेवलेली व्यवस्था सोपी होती. घर मुलाचं, गाडी बायकोची. गाडी विकली जाईपर्यंत तिनं घरात राहायचं. विकली की आलेल्या पैशातून आपलं छप्पर बघायचं. चिरंजिवांनी तिचं सामान खोक्यांत भरून बोळात रचूनसुद्धा ठेवलं होतं. प्रत्येक खोक्यावर जाड अक्षरात 'मावशी'.

"तुकड्या-तुकड्यानं विकली तरी विक्रीच," चिरंजीव बोळातूनच मोठ्यानं म्हणाले, खोलीत ऐकू जाईल असं. "हिनं विकलंय भंगारवाल्याला. अट संपली. आजच निघायचं."

चुंबकबाई आत गेली. मावशी खिडकीशी बसली होती. वर बघितलं नाही. तुम्ही त्यांच्यापैकीच ना, असं विचारलं. चुंबकबाई म्हणाली, मी कुणाचीच नाही, मला फी मिळते. मग ठीक आहे, म्हणाली मावशी, निदान खरं बोललात.

शेडची किल्ली तिच्याकडे नव्हती. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशीच चिरंजिवांनी काढून घेतली होती. गाडीचं तिला काय कळतं, असं विचारल्यावर ती पहिल्यांदा वळली.

"काही नाही. हे इंजिनात डोकं घालायचे, मी एका हातात दिवा धरायची आणि दुसऱ्या हातानं बॉनेट. तासन्‌तास. हात कधी दुखला नाही."

चुंबकबाईला मघाचे दोन पुरुष आठवले, बॉनेट उचलताना कण्हणारे.

"आणखी एक," मावशी म्हणाली. "परवा दुपारी शेडमध्ये कुणीतरी शीळ घालत होतं. बारीक, दातांतून. या घरात शीळ घालावी असं आनंदात कुणीच नाही."

"हिचं ऐकू नका," बोळातून आवाज आला. "खोटारडी आहे."

"दार लोटून घ्या," मावशी म्हणाली. "वारा येतोय."

मिस्त्री

वडिलांच्या वेळचा मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडे होता आणि त्याचंही कुणाशी पटत नव्हतं. त्याला आणलं तेव्हा तो तोंडात पानं कोंबल्यासारखा गप्प होता, मग बोलायला लागला तो थांबेना. ही गाडी म्हाताऱ्यानं आपल्याला द्यायला हवी होती. आपण तिला जिवंत ठेवलं. आणि चिरंजिवांनी काय केलं, तर वर्षभर फाटकाच्या आत पाय ठेवू दिला नाही.

चोरी करण्याजोगा राग त्याच्याकडे होता, हत्यारं होती आणि कसब होतं. चुंबकबाईनं ते त्याला तोंडावर सांगितलं.

तो हसला. चोरली असती तर सबंध चोरली असती, म्हणाला, कातडी सोलून नेली नसती. मग बिजागरीचे स्क्रू बघितले आणि त्याचं हसू गेलं. एकाही स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा नव्हता. इतके जुने, जाम झालेले स्क्रू, आणि कुठे हत्यार घसरलं नाही. "मला नसतं जमलं," तो कुरकुरत म्हणाला, आणि हे म्हणणं त्याला किती महाग पडलं ते दिसत होतं. "माझा हात जड आहे. हा कुणी बारीक कामाचा माणूस आहे."

"एकटा?"

"दार एकट्यानं उतरत नाही. एकानं धरायचं, एकानं खोलायचं."

म्हणजे दोघं. एकाकडे किल्ली. एकाकडे हात.

किल्ली कुणाकडे ते सगळ्यांना माहीत होतं. चिरंजीव शेडच्या भिंतीला टेकून खिशातली तीच किल्ली खुळखुळवत होते.

इंजिन

इंजिनावर एक अख्खं प्रकरण असायला हवं होतं. पण त्याच वेळी चुंबकबाईला डिकीवर घसरलेला चुंबक आठवला, आणि इंजिन राहूनच गेलं.

डिकी

तिनं झाकण उचललं आणि खालून बघितलं.

वरून सगळं एकसारखं तपकिरी होतं. खालून चार ठिपके दिसत होते, वाटाण्याएवढे, पांढरे. चौकोनाचे चार कोपरे असावेत तसे. एकेकाळी या झाकणावर काहीतरी बसवलेलं होतं. ते काढून भोकं बुजवली होती. शर्यतीच्या गाडीवर असं काही नसतं, म्हणून बुजवावी लागली. वरून गंजाची पूड लावून रंग जुळवला होता.

मिस्त्री म्हणाला, पुट्टी. तिनं स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. पुट्टीचा भुगा होतो. याला साधा चरा पडला नाही.

मग तिला दिसलं ते असं. झाकण जागोजागी कुजलेलं होतं, बोट लावलं तर पापुद्रा निघत होता. पण प्रत्येक भोकाभोवती एक चकचकीत कडं होतं. तिथला गंज कुणीतरी कोरून काढला होता, पार चांगला पत्रा लागेपर्यंत. भोकाची कड आतून थोडी रुंद केली होती, म्हणजे भरलेलं निघू नये. कुठलाही डेंटर असलं करत नाही. तो वरून थापतो, घासतो, रंग मारतो, मोकळा होतो. मरायला टेकलेल्या झाकणात चार भोकांपुरती ही टापटीप कशाला?

तिची जीभ आपोआप खालच्या डाव्या दाढेवर गेली.

तिनं झाकणाच्या दुमडलेल्या कडेत नख घातलं. गंजाखाली जुन्या रंगाचा टवका निघाला. फिकट हिरवा.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमची ती जाळी कुठाय?"

डॉक्टर (गाडीत असा भाग नसतो)

डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी तिला आठवण करून दिली की तिची फी कोण देणार आहे. ती म्हणाली, फी किंमत सांगायची आहे, सांगतेच, सगळ्यांसमोर. मावशीही तोवर दारात येऊन उभी राहिली होती.

हे चार पत्रे तुमच्या हिरव्या गाडीचे, ती म्हणाली. ती लोखंडी होती, साधी, याच घाटाची. तुटली ती खरी, पण पत्रे तुम्ही अंगणात उभे करून ठेवलेत, पावसात. मग ही गाडी विकायला निघाल्याचं कळलं. पाहिली नाही म्हणालात, ते खोटं. येऊन बघितलीत आणि ओळखलीत. अस्सल गाडीची किंमत तुम्हाला द्यायची नव्हती. म्हणून तिची कातडी आधी काढून नेलीत, आपली चढवलीत, आणि मग मला आणलंत. मी चुंबक लावणार, लोखंड म्हणणार, पत्रे दुसऱ्या गाडीचे म्हणून किंमत पाडणार. पडलेल्या किमतीत उरलेली गाडी घरी न्यायची आणि तिची तिला कातडी घालायची.

"कल्पना चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "पुरावा?"

"तुमचा हात. कुजलेल्या पत्र्यात दाढ भरलीत तुम्ही. दुसऱ्या पद्धतीनं होतच नाही तुमच्याच्यानं."

"हे कुणाला पटेल?"

तिला ठाऊक होतं की कुणाला पटो न पटो, आता काही फरक पडत नाही. कारण ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती. चिरंजिवांच्या हातातली किल्ली खुळखुळायची थांबली होती.

"ते जुने पत्रे," तिनं सावकाश विचारलं, चिरंजिवांना, जणू हवापाण्याचं विचारावं, "काय भावानं गेले? कारण उरलेल्या सगळ्या गाडीपेक्षा त्या चार पत्र्यांची किंमत जास्त आहे."

मग चिरंजिवांचा आवाज फाटला.

"तुम्ही म्हणालात पुट्टी आहे! म्हणालात चुंबक धरत नाही, बाई फेकून देईल, माझे लोखंडी लावा, तुमचं भंगार मी फुकट नेतो—"

वाक्य तिथेच राहिलं. आपण काय बोललो ते त्यांना सर्वांत शेवटी कळलं.

दात किती घट्ट आवळता येतात, ते डॉक्टरांनी दाखवलं. मिस्त्री जमिनीवर बसून हसत होता, आवाज न करता.

मावशी हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, सावत्र मुलाला: "म्हणजे विकले नाहीत. फुकट दिलेस."

"तुझ्याच भल्यासाठी. गाडी लवकर खपावी म्हणून."

"मग विक्री नाही झाली," मावशी म्हणाली. "अट तशीच आहे."

पुन्हा बॉनेट

पत्रे दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आले, जुन्या चादरींत गुंडाळलेले. मावशी पोलिसांत जाईन म्हणाली होती, एकदाच, आणि तेवढं पुरलं. डॉक्टर स्वतः आले नाहीत. मिस्त्रीनं ते चढवले, शिव्या देत, आणि एकदोन स्क्रूंवर ओरखडे काढत. पत्र्यांवर लाल रंगाचे फोड होते, पण खाली सगळं शाबूत, फिकं, राखाडी.

चुंबकबाईला फी मिळाली नव्हती, मिळणारही नव्हती. तरी ती आली होती, आणि इतकी घुश्श्यात होती की का आलीस असं तिला कुणी विचारलं नाही. एका माणसानं तिचा चुंबक आपलं हत्यार म्हणून वापरला होता. ते तिच्या दाढेपेक्षा जास्त ठणकत होतं. दाढेसाठी तर आता दुसरा डॉक्टर शोधावा लागणार होता.

तिनं गाडीची किंमत कागदावर लिहिली आणि मावशीच्या हातात दिली. चिरंजिवांनी मान लांब करून वाचली. मग घसा साफ करून, कधी नव्हे ते अदबीनं, म्हणाले की एवढी किंमत येते म्हटल्यावर गिऱ्हाइकांची रांग लागेल. महिन्याभरात उरकेल. मावशीनं छानसं घर बघावं.

मावशीनं कागदाची घडी घातली. मग चुंबकबाईकडे हात पसरला. तिला आधी कळेना, मग कळलं. तिनं चुंबक दिला.

मावशीनं तो बॉनेटवर ठेवला आणि सोडून दिला. चुंबक उतारावरून घरंगळला, काठाशी जरासा थबकला आणि खाली फरशीवर आपटला. तिनं उचलला, पुसला, परत दिला. बॉनेट एका हातानं वर केलं, आत बघितलं, खाली केलं.

"विकायची आहेच," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांनी तसं ठरवूनच ठेवलंय. मनासारखं गिऱ्हाईक आलं की विकेन. शेडची किल्ली इकडे दे."

चिरंजिवांनी किल्ली दिली. दुसरं काय करणार?

"आणि ती बोळातली खोकी आत आणून ठेव," मावशी म्हणाली. "सावकाश. वरच्यात काच आहे."